रसेलचा ब्लॉक आणि रसेलचा राग
बोस्टन सेल्टिक्स या अमेरिकन बास्केटबॉल संघाचा खेळाडू बिल रसेल याच्यावरचा लेख आवडला. १३ हंगामांत ११ विजेतेपदं हा आकडा सगळेच सांगतात, पण तो खेळायचा कसा, हे लेखात राहून गेलं असं मला वाटतं. त्याचे जुने कृष्णधवल तुकडे मी पुन्हा पुन्हा बघते. बाकीचे उंच खेळाडू समोरच्याने बास्केटकडे मारलेला चेंडू अडवताना, म्हणजे ब्लॉक करताना, तो थेट प्रेक्षकांत भिरकावतात. टाळ्या पडतात, पण चेंडू परत प्रतिस्पर्ध्याकडेच जातो. रसेल मात्र बोटांनी तो हलकेच वर ढकलायचा, स्वतःकडे नाहीतर जवळच्या साथीदाराकडे. पुढच्या चार-पाच सेकंदांत सेल्टिक्स दुसऱ्या टोकाला पोचलेले असत! त्या काळी एनबीएत, म्हणजे अमेरिकेतल्या व्यावसायिक बास्केटबॉल लीगमध्ये, ब्लॉकची अधिकृत नोंदच नव्हती, याची फार हळहळ वाटते.

आणि १९६१चा अमेरिकेतल्या केंटकी राज्यातल्या लेक्सिंग्टनचा प्रसंग लेखात यायलाच हवा होता. हॉटेलातल्या कॉफी शॉपमध्ये त्याच्या कृष्णवर्णीय सहकाऱ्यांना खायला द्यायला नकार मिळाला, तेव्हा सामना न खेळताच तो आणि ते सहकारी शहर सोडून निघाले. बोस्टनला इतकं जिंकून देणाऱ्या या माणसाचं मॅसेच्युसेट्समधलं घर फोडून भिंतींवर वर्णद्वेषी शिव्या लिहिल्या गेल्या. १९७२ मध्ये त्याची ६ नंबरची जर्सी सन्मान म्हणून निवृत्त झाली (म्हणजे तो नंबर संघात पुन्हा कोणाला द्यायचा नाही), तो समारंभ त्याच्याच आग्रहावरून प्रेक्षक आत येण्याआधी उरकला. कोणी त्याला तुसडा म्हणतं तेव्हा मला मनापासून वाईट वाटतं.