गोष्ट लिहिणाऱ्यानं अर्जही लिहावा

लेखकानं गोष्टी लिहाव्यात, अर्ज-निवेदनं कार्यकर्त्यांवर सोडावीत, असं मला अधूनमधून प्रेमानं सांगितलं जातं. सांगणारे बहुतेक साहित्यिकच असतात. मला हे पटत नाही, कोल्हापुरात बसून तर नाहीच. वि. स. खांडेकर इथं येण्याआधी १९२० ते १९३८ शिरोड्याच्या शाळेत मास्तर होते. शाळा की कादंबरी, असं त्यांना कुणी विचारलं असेल का?

साखर कारखान्यांचा हंगाम लागला की बीडकडनं ऊसतोड मजुरांच्या टोळ्या येतात, उसाच्या फडाशेजारी खोप्या पडतात. नवरा-बायको मिळून एक कोयता, म्हणजे मजुरांची एक जोडी; टोळी आणणाऱ्या मुकादमाकडनं आगाऊ घेतलेली उचल फेडायची, म्हणून धाकट्याला सांभाळायला थोरली पोरगी खोपीतच. शाहू महाराजांनी १९१७ मध्ये प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं, तेव्हा मूल शाळेत न घालणाऱ्या पालकाला महिना एक रुपया दंड होता. या पोरीसाठी आज दंड कुणाला करायचा? बापाला, मुकादमाला, की कारखान्याला? माझं उत्तर तयार आहे, पण ते इथं लिहिलं तर खाली कमेंटमध्ये नुसता ऊसदर चालेल.

या मुलांबरोबर आम्ही काहीजण गोष्टी लिहितो. सुरुवातीला सगळी 'माझी आई' निबंध लिहितात. मग विचारायचं, पहाटे खोपीत कसले आवाज येतात रे? की सुटलीच. गाडी भरायला मध्यरात्री आलेली हाक, वाढं, म्हणजे उसाचे शेंडे, विकून आणलेला खाऊ, सगळं कागदावर.

अर्जालाही नेमकं हेच लागतं. 'मुलांची शैक्षणिक गैरसोय होत आहे' हा अर्ज फायलीत जातो. खोपी आणि शाळेच्या मधल्या रस्त्यावर उसाच्या ट्रॉल्यांची रांग असते, सात वर्षांची मुलगी तो एकटी कसा ओलांडणार, असं लिहिलं की शिक्षण खात्याच्या केंद्रप्रमुखांना येऊन बघावं लागतं. खाली शिक्षण हक्क कायद्याचं कलम ५ लिहायचं: आधीच्या शाळेचा दाखला यायला उशीर झाला म्हणून प्रवेश अडवता येत नाही. 'आधी दाखला आणा' तिथंच थांबतं.

पथ्य एकच. मुलांच्या गोष्टी अर्जाला जोडायच्या नाहीत, देणगीच्या पत्रकावर तर नाहीच. 'जरा रडवणारी निवडा' म्हणणारे भेटतात.

एका पोरानं लिहिलं, भूत रात्रीत अख्खा फड तोडतं. मुकादम खूश होऊन त्याला पुढच्या हंगामाची उचल देतो. शेवटी 'म्हणून सर्वांनी शिकावे' अशी ओळ घाला, असं एका गुरुजींनी सुचवलं. पोरगं ऐकेना. त्याचं भूत उचल घेऊन पळून गेलंय, आणि मुकादम अजून शोधतोय.