तिथे उभी राहिलेली माणसे खरीच होती

आज सकाळी एका गेमिंग ग्रुपवर २००६ मधला तो कुप्रसिद्ध व्हिडिओ कोणीतरी पुन्हा टाकला आणि त्याखाली हसणाऱ्या इमोजींची रांग लागली. ज्यांना ठाऊक नसेल त्यांच्यासाठी सांगते. ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’ हा अनेकांनी मिळून खेळायचा ऑनलाइन गेम खेळणारी एक स्त्री प्रत्यक्षात वारली. तिला गेममध्ये मासे पकडत बसायला आवडे, बर्फ आवडे, म्हणून तिच्या सोबत्यांनी विंटरस्प्रिंग या बर्फाळ प्रदेशात पाण्याकाठी तिची शोकसभा ठेवली. वेळ आणि जागा त्यांनी आधीच जाहीर केली होती. नेमक्या त्याच वेळी दुसऱ्या एका गिल्डने, म्हणजे नेहमी एकत्र खेळणाऱ्यांच्या गटाने, तिथे धाड घातली, लढायच्या तयारीने न आलेल्या त्या माणसांना कापून काढले आणि वर त्याचा व्हिडिओ करून मिरवला. इतकी वर्षे उलटली तरी लोकांना त्यात विनोदच दिसतो, याची मला मनस्वी चीड येते.

आमच्या गिल्डमधला हीलर, म्हणजे लढाईत इतरांच्या जखमा बऱ्या करणारा खेळाडू, गेला तेव्हा आम्हीही अशीच सभा घेतली होती. शस्त्रे आणि चिलखते उतरवून सगळ्यांनी तळ्याकाठी यायचे, एवढेच ठरले होते. सभा सुरू होण्याच्या थोडे आधी त्याचेच कॅरेक्टर, म्हणजे गेममधले त्याचे पात्र, ऑनलाइन आल्याचे दिसले आणि चॅट एकदम थांबले. त्याची बहीण त्याच्या लॅपटॉपवरून आली होती. तिने आयुष्यात कधी गेम खेळला नव्हता, त्यामुळे ते कॅरेक्टर पुन्हा पुन्हा एका झाडावर जाऊन आदळत होते. कोणती कळ दाबली की पुढे जाता येते आणि माउसने वळायचे कसे, हे आमच्या गिल्डमास्तरने तिला एकेक ओळ लिहून सांगितले, आणि ती आमच्यापर्यंत पोहोचेपर्यंत कोणीही जागचे हलले नाही.

हे सगळे खोटे होते, असे मला कोणी समजावू नये. पडद्यावरचे तळे खोटे असेल, पण त्या बहिणीने कळफलकावर ठेवलेली बोटे खोटी नव्हती. जी माणसे वर्षानुवर्षे रोज रात्री एकत्र येतात, एकमेकांच्या परीक्षा, आजारपणे आणि घटस्फोट व्हॉइस चॅटवर ऐकतात, त्यांनी आपल्यातला एक गेल्यावर जमायचे कुठे? जिथे ती भेटली तिथेच जमणार.

त्या व्हिडिओतल्या सर्व्हरवर, म्हणजे गेमच्या त्या शाखेत, खेळाडूंनी एकमेकांवर हल्ला करण्याला मुभा होती आणि कोणताही नियम मोडला गेला नाही, हे मान्य. पण नियमात बसते म्हणून शोकात उभ्या असलेल्या माणसावर तुटून पडणाऱ्याचे कौतुक करायचे, हे आपल्यापैकी कोणाला पटणार आहे? आमच्या सभेच्या वेळी विरुद्ध पक्षाचे दोन स्वार त्या वाटेने आले होते. त्या पक्षाशी तेव्हा गेममध्ये बोलताही येत नसे. आम्ही निःशस्त्र आहोत हे पाहून ते थांबले, घोड्यांवरून उतरले आणि गुडघे टेकून बसले. खेळ तोच होता, नियमही तेच होते.

हाच गेम खेळणाऱ्या नॉर्वेच्या मॅट्स स्टीनबद्दल तुमच्यापैकी अनेकांनी वाचले असेल. स्नायू क्षीण करत नेणाऱ्या आजाराने तो २०१४ मध्ये पंचविसाव्या वर्षी गेला. मुलगा एकाकी जगला, असेच आईवडिलांना वाटत होते. त्यांनी त्याच्या ब्लॉगवर निधनाची बातमी लिहिली आणि त्याच्या गिल्डमधल्या अनोळखी माणसांचे ईमेल येऊ लागले. त्यांच्यापैकी काहीजण परदेशातून त्याच्या अंत्यविधीला आले. आमच्याकडे त्या बहिणीनेही सभेत विचारले होते: “तुम्ही सगळे त्याला ओळखत होता?” मग जो तो लिहू लागला. कोणाला त्याने पहाटेपर्यंत जागून रेड, म्हणजे गटाने मिळून करायची मोठी लढाई, शिकवली होती, कोणाची नोकरी गेली तेव्हा तो रोज विचारपूस करत होता. ती मध्येच लिहायची, “थांबा, मी वाचते आहे.” तिला भावाचा हा भाग अन्यत्र कुठे भेटला असता, हे मला अजूनही सुचत नाही.

प्रत्यक्ष जवळ बसण्याची सर याला येत नाही, हेही खरे. पण २०२० मध्ये सगळे घरात अडकले तेव्हा अमेरिकेतल्या बर्कली विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांनी ‘माइनक्राफ्ट’ या ठोकळे रचायच्या गेममध्ये आपले विद्यापीठ उभारून पदवीदान सोहळा केला आणि ‘ॲनिमल क्रॉसिंग’ या गेममधल्या बेटांवर लग्ने लागली, त्याचे जगाने कौतुकच केले. ‘ईव्ह ऑनलाइन’ या अंतराळातल्या लढायांच्या गेममध्ये मुत्सद्द्याची भूमिका करणारा खेळाडू, शॉन स्मिथ, २०१२ मध्ये लीबियातल्या बेनगाझीत अमेरिकी कचेरीवर झालेल्या हल्ल्यात मारला गेला, तेव्हा एरवी एकमेकांची जहाजे फोडणाऱ्यांनी आपापल्या अंतराळस्थानकांना त्याच्या स्मरणार्थ नावे दिली. आनंदाचा सोहळा झाला की कल्पकता आणि शोकाचा झाला की पोरखेळ, ही वाटणी कोणी केली?

सकाळी हे लिहायला घेतले तेव्हा त्या ग्रुपमधल्या एकेकाला नावानिशी सुनवावे असे वाटत होते. आता तेवढा राग उरलेला नाही, कारण हसणाऱ्यांत बरीच कोवळी मुले आहेत आणि त्यांच्या गिल्डमधले अजून कोणी गेलेले नसावे. मात्र माझ्या यादीतल्या ज्या मोठ्या माणसांनी तो व्हिडिओ पुढे पाठवला, त्यांनी आजच्या आज काढून टाकावा. माझ्या पोस्टखाली त्याचे समर्थन करणारी प्रतिक्रिया मी ठेवणार नाही, आणि ‘गेमच तर आहे’ एवढेच लिहायचे असेल तर कृपया लिहू नये.