तळ्याकाठचा हिवाळा कंत्राटावर द्यायचा नसतो

परवा संध्याकाळी गावच्या सभेला गेले होते. आमचं गाव छोटं, न्यूयॉर्क राज्याच्या उत्तरेला, अ‍ॅडिरॉन्डॅकच्या डोंगरात, तळ्याकाठी वसलेलं. विषय एकच होता: पुढच्या हिवाळ्यातला तळ्यावरचा कार्यक्रम नेहमीसारखा गावकऱ्यांनी करायचा की एका कंपनीला देऊन टाकायचा. कंपनी काठावर दिव्यांची आरास करणार, तिकीट लावणार, गाड्या लावून द्यायला स्वतःची माणसं आणणार. गावाने फक्त जागा द्यायची. बऱ्याच जणांनी माना डोलावल्या. माणसं थकली आहेत, तेच तेच दहा जण दरवर्षी राबतात, हे खरं आहे. तरीही मला हे पटलेलं नाही. बोलायला तीन मिनिटं मिळाली, त्यात नीट मांडता आलं नाही, म्हणून इथे लिहितेय.

आमच्यापासून गाडीने तासाभरावर सॅरनॅक लेक नावाचं गाव आहे. वस्ती जेमतेम पाच हजार. तिथे फेब्रुवारीच्या सुरुवातीला दहा दिवस हिवाळी कार्निव्हल भरतो. याची सुरुवात 1897 मधली. त्या काळी हे गाव क्षयरोग्यांचं होतं. डॉ. एडवर्ड लिव्हिंगस्टन ट्रूडो स्वतः क्षयाने आजारी असताना या डोंगरात आले, हवेने तगले आणि 1880 च्या दशकात त्यांनी इथे आरोग्यधाम काढलं. पहिली खोली म्हणजे एक छोटंसं लाल घर, आणि त्यात राहायला आलेल्या पहिल्या रुग्ण म्हणजे कारखान्यात काम करणाऱ्या दोन बहिणी. उपचार काय, तर विश्रांती आणि थंड, स्वच्छ हवा. रुग्ण भर हिवाळ्यात पांघरुणं गुंडाळून उघड्या व्हरांड्यात तासन् तास पडून असायचे. क्षयावरचं औषध, स्ट्रेप्टोमायसिन, त्याचा शोध लागायला 1943 साल उजाडावं लागलं. महिनोन् महिने पडून राहणाऱ्या माणसांच्या गावात थोडं बाहेर पडावं, खेळावं, एकमेकांची तोंडं बघावीत म्हणून हा कार्निव्हल निघाला. बाहेरून पाहुणे यावेत हा त्यामागचा पहिला विचार नव्हता, आणि माझ्या दृष्टीने सगळ्यात महत्त्वाची गोष्ट हीच आहे.

दुसऱ्याच वर्षी, 1898 ला, तिथे बर्फाचा महाल उभा राहिला. मधली बरीच वर्षं त्यात खंड पडला होता, पण आज पुन्हा तो दर हिवाळ्यात उभा राहतो आणि बांधणारे असतात स्वयंसेवक. बघायला पैसे पडत नाहीत. दरवर्षी कार्निव्हलचा विषय वेगळा असतो आणि त्याचं छातीवर लावायचं बिल्ला-चित्र काढतात व्यंगचित्रकार गॅरी ट्रूडो, म्हणजे त्याच डॉक्टरांचे पणतू. मिरवणूक असते, बर्फावरच्या शर्यती असतात, बायकांची तवा लांब फेकण्याची स्पर्धा असते, आतषबाजी असते. पण मला विचाराल तर खरा सण त्याआधीचे दोन-तीन आठवडे चालतो. महाल बांधताना.

मी तिथे पहिल्यांदा गेले तो माझा इथला दुसरा हिवाळा. पहिला फार वाईट गेला होता. डिसेंबरात सव्वाचारच्या सुमाराला सूर्य बुडतो. आठवडेच्या आठवडे दुकानदाराशिवाय कुणाशी बोलणं नाही. उजेड कमी झाला की माणसाचं मन खचतं, याला 1984 मध्ये मानसोपचारतज्ज्ञ नॉर्मन रोझेंथल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आजार म्हणून रीतसर नाव दिलं. मला ते नाव माहीत नव्हतं, पण सकाळी उठावंसं वाटत नाही एवढं कळत होतं.

तळ्यावर गेले तर कुणी विचारलंच नाही, तू कोण, कुठली, काय येतं. एका म्हाताऱ्या काकांनी हातात बादली दिली. "याने फटी बुजवायच्या," एवढंच सांगितलं. बादलीत होता तळ्याचं पाणी घालून कालवलेला भुसभुशीत बर्फ. महालाच्या विटा म्हणजे साधारण दोन फूट बाय चार फुटांच्या लाद्या. जाडी एक फूट धरली तरी एकीचं वजन दोनशे किलोच्या घरात जातं. दोन लाद्यांच्या मधे हा कालवलेला बर्फ हाताने दाबून भरायचा, अंगठ्याने आत ढकलायचा, वरून तळवा फिरवून सपाट करायचा. अगदी गवंडी गिलावा करतो तसंच. रबरी हातमोज्याच्या आत लोकरीचा मोजा, तरी दहा मिनिटांत बोटं बधिर होतात. मग काखेत हात घालून उभं राहायचं आणि परत बादली. सकाळी भरलेली फट दुपारी नखाने उकरून पाहिली, दगड झाली होती. शेजारी एक शाळकरी मुलगा होता, पलीकडे एक निवृत्त परिचारिका. चार तासांत मी त्या दोघांशी जेवढं बोलले, तेवढं आदल्या अख्ख्या हिवाळ्यात कुणाशी बोलले नव्हते. कौशल्य लागत नाही, भाषा फारशी लागत नाही, आणि तुमच्या हातची फट पूर्ण महालात दिसत नसली तरी तुम्हाला ती कुठे आहे ते ठाऊक असतं.

मला सांगा, काठावरची दिव्यांची आरास कितीही सुंदर असली तरी तिकीट काढून ती बघायला गेलेल्या एकट्या माणसाला हे कुठून मिळणार?

आता तळ्याविषयी. पाणी 4 अंश सेल्सियसला सगळ्यात जड असतं. त्याहून थंड पाणी वर राहतं, म्हणून तळं वरून गोठतं आणि खाली मासे जगतात. त्यावर हिम पडलं की तेच पांघरूण होतं आणि बर्फाची जाडी वाढणं मंदावतं. म्हणून महालाच्या लाद्या तळ्यातून करवतीने कापायच्या, त्या जागेवरचं हिम आधी साफ करून ठेवावं लागतं. नितळ, काळसर बर्फ मजबूत, दुधाळ पांढरा कमजोर. माणूस चालायचा तर नितळ बर्फ निदान 10 सेंटीमीटर हवा. हे सगळं मी तळ्यावर उभी राहून, गिरमिट फिरवणाऱ्या माणसांकडून शिकले. ही माहिती गावातल्या माणसांच्या अंगात मुरलेली आहे. अमेरिकेच्या या ईशान्येकडच्या तळ्यांचा बर्फ एकेकाळी घोड्याने ओढायच्या नांगराने कापून, भुशात गुंडाळून जगभर जायचा. 1833 मध्ये बॉस्टनहून निघालेलं जहाज चार महिने समुद्रात काढून कोलकात्याला बर्फ घेऊन पोचलं होतं. त्यानंतर मुंबई आणि मद्रासलाही बर्फघरं उभी राहिली. हे वाचल्यापासून मला ती बर्फ कापायची करवत जरा आपली वाटते.

सभेत एकाचा मुद्दा होता की हवामान बेभरवशाचं झालंय, बर्फ धरेल याची खात्री नाही, तेव्हा दिवेच बरे. काळजी खरी आहे. नेदरलँड्समधल्या फ्रीसलंडची अकरा शहरांची स्केटिंग शर्यत बघा. जवळपास 200 किलोमीटर, 1909 पासूनची, पण सगळ्या वाटेवर 15 सेंटीमीटर बर्फ धरला तरच होते. शेवटची झाली 4 जानेवारी 1997 ला. तरी ती चालवणारी संस्था मोडीत निघालेली नाही, दर थंडीत लोक बर्फ मोजायला तयार असतात. आमच्याकडेही दोन वर्षांपूर्वी ऐन आठवड्यात पाऊस आला आणि हॉकी रद्द झाली. मग काय केलं? शाळेच्या पटांगणात शेकोटी पेटवली, बाकं मांडली आणि म्हाताऱ्या मंडळींनी जुन्या हिवाळ्यांच्या गोष्टी सांगितल्या. एका संध्याकाळच्या फोनाफोनीवर हे जमलं, कारण ठरवणारे आणि राबणारे इथलेच होते. करारनाम्यात पावसाचं कलम असतं, त्यात शेकोटी नसते.

थकलेल्या दहा जणांचं दुखणं मात्र खरं आहे आणि त्यावर उपाय हवाच. तो म्हणजे अकरावा माणूस आत घेणं. आमच्या कार्यक्रमात काम मागायला गेलं तर "सगळं ठरलंय" असं ऐकू येतं. मी स्वतः दोनदा ऐकलंय. नवीन आलेल्याला, बिनकसबी माणसाला, घरात कोंडलेल्या म्हाताऱ्याला पहिल्याच दिवशी हातात देता येईल असं काम आमच्याकडे नाहीच. एक बादली पुरे असते.

पुढची सभा येत्या मंगळवारी आहे. मी महाल मागणार नाही. जानेवारीतला एक शनिवार, तळ्याचा एक कोपरा, बर्फाची जाडी मोजून हो म्हणणारा एक जाणकार आणि चाळीस लाद्या, एवढंच मागणार आहे. भिंत कंबरेएवढी झाली तरी चालेल. ज्यांना यायचंय त्यांनी खाली नाव लिहा, रबरी हातमोजे मी आणते.