तबला पखवाज कापून झालेला नाही

अमीर खुसरोंनी पखवाज मधोमध कापला, दोन्ही तुकडे उभे करून वाजवले, तरीही आवाज निघाला. लोक म्हणाले ‘तब भी बोला’, आणि त्याचाच झाला ‘तबला’. ही गोष्ट व्हॉट्सॲपवर सतत फिरते. क्लासमधली मुलं परीक्षेतही ती लिहून येतात, याचं मला फार वाईट वाटतं.

आधी नाव. अरबीत ‘तब्ल’ म्हणजे ढोल. हा शब्द खुसरोंच्या कितीतरी आधीचा आहे. अरबांबरोबर तो स्पेनला गेला, तिथे त्याचा ‘अताबाल’ झाला. आपले डफ आणि नगारा हे शब्दही तिकडचेच. मग एकट्या तबल्यालाच ‘तब भी बोला’ कशाला हवं?

खुसरोंचा काळ 1253 ते 1325. उजव्या हाताचा तबला आणि डाव्या हाताचा डग्गा या जोडीची खात्रीची चित्रं मिळतात ती थेट 18व्या शतकातली. तबलावादनाचं दिल्ली घराणं ज्यांच्यापासून मोजतात ते सिद्धार खाँही त्याच शतकातले. त्याच सुमारास दिल्लीत खुसरो खाँ नावाचे एक संगीतकार होते, आणि नावांची गल्लत झाली असावी असं काही अभ्यासक मानतात. मला ते पटतं.

कापाकापीचं म्हणाल, तर घरचा तबला चुंबळीवरून उचलून उलटा करा. तळ बंद, भरीव लाकडाचा. खोड वरून कोरत नेतात आणि तळ राखतात. पखवाज आरपार पोकळ असतो. कापला तर हातात दोन बिनबुडाची नळकांडी येतील. डग्गा तर बहुधा धातूचा, घाटाने नगाऱ्याचा भाऊबंद. त्याची शाई, म्हणजे कातड्यावरचा काळा गोल, बघा, मधोमध नसून एका बाजूला सरकलेली. मनगट मैदानावर, म्हणजे शाईबाहेरच्या मोकळ्या कातड्यावर, टेकवून दाब देता यावा, ‘घे’ हा बोल घुमवता यावा, म्हणून ती जागा. पखवाजाच्या डाव्या तोंडावर शाई नसते. तिथे वाजवण्याआधी ओली कणीक थापतात आणि नंतर खरवडून काढतात.

पखवाजाशी नातं नाही, असं मात्र मी म्हणत नाही. पंजाबात डाव्या वाद्याला, ‘धामा’ला, अशीच कणीक लावत. हात न दाबता वाजवायचे खुले बोलही पखवाजाकडूनच आले.

या गोष्टीला उत्तर म्हणून हल्ली भाजे लेण्यातला फोटो फिरतो: ‘2200 वर्षांपूर्वीचा तबला!’ मळवली स्टेशनवरून चालत जाता येतं, जाऊन बघा. एक स्त्री दोन उभी वाद्यं हातांनी वाजवते आहे, दुसरी नाचते आहे. शिल्प जुनं आहे, सुंदर आहे. नाट्यशास्त्रातल्या पुष्कर वाद्यांशी त्याचं नातं जोडता येतं. त्या वाद्यांच्या कातड्यावर नदीकाठची माती लिंपत. पण पुडीवर, म्हणजे तोंडावरच्या कातड्यावर, पक्की बसवलेली शाई, सूर लावायचे लाकडी गठ्ठे, बाजूला सरकलेल्या शाईचा डग्गा, यातलं काहीच त्या दगडात नाही. दोन उभी वाद्यं एकटीने वाजवायची रीत मावळात तेव्हा माहीत होती, एवढं मात्र तिथे स्वच्छ कोरलेलं आहे.