गुरुजी, नवव्या महिन्यात लेकरू कुठं असतं?

गुरुजी, नमस्कार.

लेकराला नवव्या महिन्यात द्यायच्या गोवराच्या लसीवर मी मागं 'नवव्या महिन्याची सुई' हा लेख लिहिला होता; त्यावरची तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. तुम्ही तीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवलंत, म्हणजे गाव तुम्ही जवळून पाहिलंय. म्हणून उत्तरही सविस्तर लिहिते.

तुमचं म्हणणं थोडक्यात असं : सरकार गोवराची लस फुकट देतं, नर्सबाई गावात येते, आशाताई दारात येते, तरी आया लेकरं लपवतात, तेव्हा दोष अडाणीपणाचा आहे, मी तो उगाच यंत्रणेवर ढकलते. शिवाय तुमच्या लहानपणी सगळ्यांना गोवर निघायचा, कडुलिंबाचा पाला अंगावरून फिरवायचे, बरं व्हायचं. आणि तिसरं, लस घेतलेल्या पोरालाही गोवर होतो, मग एवढा आग्रह कशासाठी?

पहिल्या मुद्द्यातलं एक मला मान्य आहे. आई शिकलेली असली की लेकराच्या लसी जास्त पुऱ्या होतात. बत्तीस वर्षं यवतमाळ जिल्ह्यात आरोग्यसेविका म्हणून गावोगाव फिरले, तेव्हा हे मीही पाहिलं. पण शिकलेल्या आईचं नेमकं वेगळं काय असतं? तिला कार्डावरची तारीख वाचता येते, आणि नर्सनं 'आज नाही' म्हटलं तर 'का नाही?' असं ती विचारू शकते. न शिकलेली बाई गुपचूप घरी जाते. तिला लस नको होती असं आपण धरून चालतो.

लपवणाऱ्या आया मला भेटल्याच नाहीत असं नाही. पण हाताच्या बोटांवर मोजाव्यात इतक्या. बाकीच्यांची सुई चुकली ती वेगळ्याच कारणांनी, आणि त्यातली बरीचशी नवव्या महिन्याशीच बांधलेली आहेत.

जन्मल्यावर बीसीजी, मग दीड, अडीच आणि साडेतीन महिन्यांची सुई. तोवर बाळंतीण बहुतेक माहेरी असते, लेकरू आजीच्या मांडीवर, कामाचा ताण नाही. या लसी होऊन जातात. त्यानंतर थेट नववा महिना. मधल्या साडेपाच महिन्यांत काय काय होतं बघा. आई सासरी परतते. लेकराचं नाव माहेरच्या उपकेंद्राच्या रजिस्टरात, लेकरू सासरच्या गावात. तिकडची आशा यादीत नाव लिहिते आणि 'गावात नाही' असा शेरा मारते. इकडच्या आशेच्या यादीत ते नावच नसतं. कार्ड माहेरच्या पेटीत राहिलेलं. त्या लेकराला कोणीच नाकारलेलं नसतं, ते दोन याद्यांच्या मधे पडलेलं असतं.

आता शेतीचं गणित घाला. फेब्रुवारीत जन्मलेलं लेकरू नोव्हेंबरात नऊ महिन्यांचं होतं. तेव्हा कापूस फुटलेला असतो. वेचणीची मजुरी किलोवर, जेवढा वेचाल तेवढे पैसे. दुसरा डोस सोळा ते चोवीस महिन्यांत. सोळा महिने भरतात जूनमध्ये, ऐन पेरणीत. मग निंदणं. सत्र भरतं दिवसा, आणि बाई सकाळीच वावरात गेलेली असते. त्यात सत्राचा वार बाजाराच्या वारावर आला तर बघायलाच नको, कारण आठवड्याची मजुरी बाजाराच्या दिवशी हातात पडते. एका बाईचं बोलणं मला अजून आठवतं : "बाई, मागच्या सुईनं दोन दिस ताप होता लेकराले. रातभर निजलं नाई. मी दोन दिस घरी रायली, मालकानं दुसरी बाई लावली." तिच्यासाठी फुकटच्या लसीची किंमत दोन दिवसांची रोजी होती. पेंटाचा, म्हणजे साडेतीन महिन्यांपर्यंत देतात त्या पाच रोगांवरच्या सुईचा, ताप बहुतेक त्याच रात्री येतो, गोवराच्या लसीचा आला तर साधारण आठवड्यानं, आणि तोही थोड्याच लेकरांना. हा फरक तिला आधी सांगायला हवा होता. सत्रात घाई असली की हेच सांगायचं राहतं.

वेचणी आटोपली की कोणी वीटभट्टीवर जातं, कोणी तेलंगणात मिरची तोडायला. लेकरं सोबत. भट्टीवर ना अंगणवाडी, ना कोणाची यादी. तिकडे गडचिरोलीतल्या भामरागडला पावसाळ्यात पर्लकोटा नदी पुलावरून वाहू लागली की गावंच्या गावं तुटतात. तिथल्या आईला अडाणी म्हणून काय साधणार?

आता जे मागच्या लेखात लिहायचं टाळलं होतं, ते लिहिते. गाव सांगत नाही.

नोव्हेंबरातलं सत्र, अंगणवाडीची खोली. एक बाई थेट वावरातून आली. कमरेला वेचणीचं फडकं तसंच बांधलेलं, केसांत कापसाचे तंतू. मांडीवर नऊ महिने आणि काही दिवसांची पोरगी. त्या दिवशी गोवराचं ते एकच लेकरू होतं. गुरुजी, पेंटाची बाटली एकदा उघडली तरी नीट थंड ठेवली तर २८ दिवस चालते. गोवराची तशी नसते. ती पावडर असते, सोबतच्या द्रावकात विरघळवायची, आणि विरघळवल्यापासून चार तासांत वापरायची, उरलेली फेकायची. बाटलीत डोस पुष्कळ, लेकरू एक. आदल्याच बैठकीत वाया गेलेल्या डोसांचा हिशेब सगळ्यांसमोर मागितला गेला होता. मी त्या बाईला म्हटलं, "पुढच्या महिन्यात ये, दोन-चार लेकरं जमू दे."

ती काही न बोलता उठली आणि परत वेचायला गेली. पुढच्या सत्राला ते घर बंद होतं, कुटुंब भट्टीवर गेलेलं. पेरणीच्या आधी परतले तेव्हा पोरगी खंगलेली होती. भट्टीवर गोवर निघाला, मागून हगवण लागली, आणि डाव्या डोळ्यात फूल पडलं. अंगात 'अ' जीवनसत्त्व कमी असताना गोवर झाला की डोळ्याचं बुबुळ असं पांढरं होऊन जाऊ शकतं. ते टाळण्यासाठी द्यायचा 'अ' जीवनसत्त्वाचा पहिला डोससुद्धा नवव्या महिन्यात गोवराच्या सुईसोबतच असतो. म्हणजे मी त्या दिवशी दोन्ही नाकारलं. तिची आई रागावली नाही. एवढंच म्हणाली, "तुमीच मनल्या होत्या ना बाई, पुढच्या महिन्यात ये म्हनून."

एका लेकरासाठीही बाटली उघडावी, हीच सूचना आहे. मला ती ठाऊक होती. बैठकीच्या धाकानं मी ती पाळली नाही. त्यानंतर मी कधीच बाटली राखून ठेवली नाही, पण त्या पोरीला त्याचा काय उपयोग? रजिस्टरात तिच्या नावापुढे 'स्थलांतर' असा शेरा आहे. तो मीच लिहिलाय. दहा वर्षांनी कोणी ते रजिस्टर उघडलं तर आईबाप बेफिकीर होते असंच वाटेल.

तुमच्या दुसऱ्या मुद्द्याकडे येते. गोवर निघायचा आणि बरा व्हायचा, हे खरं. माझी आजी सांगायची, तिला नऊ लेकरं झाली, पाच जगली, दोन 'मातेत', म्हणजे गोवरात, गेली. लस १९६३ साली आली; त्याआधी जगात वर्षाला सुमारे २६ लाख माणसं गोवरानं मरत. आपल्याकडे ते मरण गोवराच्या नावावर लागतही नसे, कारण पुरळ गेल्यावर महिनाभरानं लेकरू हगवणीनं किंवा छाती भरून जायचं. गोवर शरीराची आधी कमावलेली बरीच प्रतिकारशक्ती पुसून टाकतो, त्यामुळे त्यानंतरचे कित्येक महिने लेकरू उघडं पडतं. कडुलिंबाच्या पाल्याशी माझं भांडण कधीच नव्हतं. सासूबाई पाला फिरवायच्या, मी शेजारी बसून 'अ' जीवनसत्त्वाचा डोस द्यायची, दुसऱ्या दिवशी परत जाऊन दुसरा द्यायची. माता घरात असताना लेकराचं खाणं तोडू नका आणि धाप लागली तर दवाखाना टाळू नका, एवढीच माझी विनवणी असायची. बहुतेक म्हाताऱ्या ऐकायच्या.

तिसरा मुद्दा तुम्ही टोमणा म्हणून लिहिलात, पण प्रश्न चांगला आहे. नवव्या महिन्यात दिलेला डोस शंभरातल्या सुमारे ८५ लेकरांना संरक्षण देतो. आईकडून आलेली प्रतिकारशक्ती काही लेकरांत तेव्हाही उरलेली असते, ती लसीला नीट लागू देत नाही. आणखी थांबावं तर तोवर गोवर गाठतो. म्हणून दुसरा डोस, आणि दोन्ही झाले की संरक्षण ९७ टक्क्यांपर्यंत जातं. गोवराचा रोगी खोलीतून निघून गेल्यावरही त्याचा विषाणू दोन तासांपर्यंत हवेत राहतो. त्याला थोपवायला वस्तीतली ९५ टक्के लेकरं सुरक्षित लागतात. आणि २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात दोन ते तीन वर्षांच्या लेकरांत दुसरा डोस झालेली होती देशभरात ६० टक्क्यांच्याही आत. पहिल्या डोसाच्या वेळी 'आता मोठी सुई झाली' असं घरी म्हणतात आणि कार्ड ट्रंकेत जातं. २०२२ च्या शेवटी मुंबईत गोवंडीकडे लेकरं दगावली, ती बातमी तुम्ही वाचली असेल.

राहिला अडाणीपणा. २७ नोव्हेंबर २०१८ पासूनची गोवर-रुबेला मोहीम तुम्हाला आठवत असेल, नऊ महिने ते पंधरा वर्षांची सगळी पोरं, शाळेतच सत्र. आमच्या भागात मोबाइलवरचे संदेश दाखवत 'पुढं मूल होणार नाही म्हणतात' असं म्हणून पोरांना घरी ठेवणारे पालक बरेचसे तालुक्याच्या गावातले, चांगले शिकलेले होते. मजुरांची पोरं रांगेत उभी होती. तुमच्या शाळेत वेगळं झालं असेल तर जरूर लिहा.

आणि एक काम सांगते, राग मानू नका. तुमच्या गावातून यंदा भट्टीवर कोण गेलं, कोणाची सून लेकरू घेऊन नुकतीच सासरी आली, हे आशाताईपेक्षा तुम्हाला आधी कळत असेल. ती नावं तिच्या कानावर घाला. महिना उलटून गेला म्हणून कोणी घरी बसलं असेल तर सांगा, पाच वर्षांपर्यंत राहिलेला डोस मिळतो, कार्ड हरवलं असलं तरी मिळतो. आणि तुमच्या अंगणवाडीत सत्र कोणत्या वारी असतं आणि गावचा बाजार कोणत्या वारी, एवढं मला इथंच खाली कळवा.