यू होंगच्या त्या चित्रांबद्दल थोडा खुलासा

सध्या एक पोस्ट फिरतेय, की चीनच्या यू होंग या चित्रकार बाईंनी मुलगी जन्मल्यापासून दरवर्षी तिचं एक चित्र काढलं आणि ही मालिका म्हणजे आईने मुलीची ठेवलेली डायरी. वाचायला गोड आहे पण तसं नाहीये.

मालिकेचं नाव मराठीत 'वाढीची साक्षीदार' असं काहीसं होईल. ती सुरू केली 1999 मध्ये, आणि सुरुवात मुलीपासून नाही तर स्वतःपासून, म्हणजे 1966 पासून, कारण त्या साली यू होंगचा जन्म. त्याच साली चीनमध्ये सांस्कृतिक क्रांती, म्हणजे माओने घडवलेली मोठी राजकीय उलथापालथ, पण सुरू झाली. प्रत्येक वर्षासाठी यू होंगचं स्वतःचं एक चित्र आणि बाजूला त्याच वर्षीच्या पेपर-मासिकातला एक फोटो. म्हणजे घरातलं छोटं बाळ आणि शेजारी देशात काय चाललंय ते, दोन्ही एकदम दिसतं. जुन्या वर्षांची चित्रं तिने घरच्या फोटोंवरून नंतर काढलीयत.

मुलगी येते 1994 मध्ये, तिच्या जन्माच्या साली, आणि तिथून मुलीचं पण वेगळं चित्र जोडलं जातं. मला हीच जागा सगळ्यात आवडते, कारण मुलगी आली म्हणून आई चित्रातून गायब होत नाही, तिचं स्वतःचं वर्ष तसंच चालू राहतं, ती पण वाढतेच आहे. पोस्टमध्ये नेमकी आईच कापून टाकलीय, म्हणून एवढं लिहिलं. शेअर करणार असाल तर प्लीज पूर्ण मालिका बघून करा.