रिकामीच आहेस ना?

दुपारचे अडीच. लेक एकदाची झोपली. ओटा आवरून पुस्तक उघडते, तोच नवऱ्याचा फोन, "अगं, माझं पॅनकार्ड कुठंय?" फोन ठेवते, तर सासूबाई, "रिकामीच आहेस ना, जरा मेथी निवडून टाक." रिकामी! हातातलं पुस्तक कुणाला दिसतच नाही का? आपलं सार्वजनिक वाचनालय १८४० पासून नाशिककरांना वाचायला लावतंय, आणि माझी गाडी तीन आठवडे पान १७ वरच अडलीये. खुणेला घातलेला बिस्किटाच्या पुड्याचा कागदसुद्धा चुरगळला. (मोबाईल बघत लोळले असते, तर कुणी हाकही मारली नसती, पैजेवर सांगते.) शेवटी पुस्तक मांडीवर, मेथी ताटात. दोन ओळी होतात न होतात, आतून आवाज, "आईऽऽ, शू!"